बनावट नग्नचित्र पसरवले, तर तक्रार कुठे करावी?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. माझी मुलगी एकोणीस वर्षांची असून कॉलेजात शिकते. गणेशोत्सवातला तिचा नऊवारीतला फोटो उचलून ओळखीच्या एका मुलाने एआय अ‍ॅपने त्याचे नग्नचित्र केले आणि वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर पाठवले. जाब विचारला तर, "शरीर तिचे नाहीच, मग गुन्हा कसला?" असे तो म्हणतो. पोलिसांत गेल्यास बभ्रा होईल, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते. आम्ही काय करावे? — एक आई

उत्तर : त्या मुलाचा युक्तिवाद काही वर्षांपूर्वी कदाचित चालून गेला असता, कारण संमतीशिवाय खासगी चित्रे पसरवण्याविरुद्धचे अनेक राज्यांचे जुने कायदे खरी छायाचित्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. व्हर्जिनियाने २०१९ मध्ये बनावट चित्रांचा समावेश करून ही पळवाट बुजवली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पीडितेला भरपाईचा दावा लावण्याचा हक्क दिला, आणि २०२३ मध्ये टेक्सास, मिनेसोटा व न्यू यॉर्क यांनीही कायदे केले. हे कायदे मात्र सारखे नाहीत. व्हर्जिनियात धमकावण्याचा, छळण्याचा वा दबाव आणण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि "मी गंमत केली" हा बचाव नेमका तिथेच पुढे येतो.

तुमच्या राज्यातील कायद्यावर गव्हर्नर फिल मर्फी यांनी २ एप्रिल २०२५ रोजी सही केली. वेस्टफील्डच्या हायस्कूलमध्ये २०२३ साली विद्यार्थिनींची अशीच चित्रे फिरली होती. त्यांतील एका मुलीने आणि तिच्या आईने नेटाने केलेला पाठपुरावा या कायद्यामागे आहे. छळासारख्या गुन्ह्यासाठी असे फसवे चित्र तयार करणाऱ्याला वा पसरवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तुमच्या मुलीला दिवाणी दावाही लावता येतो. त्याच वर्षी १९ मे रोजी सही झालेल्या 'टेक इट डाउन' या संघीय कायद्यानुसार, सज्ञान व्यक्तीचे बनावट चित्र प्रसिद्ध करणाऱ्याचा हेतू हानी करण्याचा नसला, तरी प्रत्यक्ष हानी झाली असल्यास तो गुन्हा ठरू शकतो. चित्र समाजमाध्यमांवर आले, तर पीडितेची रीतसर सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत ते काढणे त्या कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले आहे. त्यासाठीची यंत्रणा उभारायला त्यांना १९ मे २०२६ पर्यंतची मुदत होती.

सर्वप्रथम पुरावा जपा. ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचे खाते, तारीख, वेळ आणि "गुन्हा कसला" हा त्याचा मेसेज असल्यास त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. संतापाच्या भरात काहीही डिलीट करू नका आणि ते चित्र नातेवाइकांना दाखवण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नका. (मुलगी अठरा वर्षांखालील असती, तर त्या चित्राची प्रत स्वतःजवळ न ठेवता थेट पोलिसांकडे जावे लागले असते.) त्यानंतर 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवेचा उपयोग करा. तिथे चित्र फोनबाहेर जात नाही. त्याची केवळ एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र ओळखून अडवू शकतात.

वडीलधाऱ्यांची काळजी मी समजू शकते, पण बभ्रा त्या मुलाने चित्र पाठवले तेव्हाच झाला आहे. तक्रार करायची की नाही हे मुलीलाच ठरवू द्या, आणि ती हो म्हणाली तर स्थानिक पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जाऊन तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. पोलिसांकडे जाण्याची तिची तयारी नसेल, तरी कॉलेजच्या 'टायटल नाइन' (शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाविरुद्धचा संघीय कायदा) कार्यालयाकडे तिला स्वतंत्रपणे दाद मागता येते. तिथे तक्रार करण्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवण्याची अट नसते.