सायरन वाजला की तळघरात जायचं

पत्र : ‘ताई, मी मूळची इंदूरची, रामबागेतली. दिल्लीच्या एका वाहिनीसाठी युक्रेनहून बातम्या देते, सध्या खारकीवला आहे. कॉलेजपासून डिप्रेशन आहे, एस्सिटॅलोप्रॅम चालू आहे. आई म्हणते, सगळं असून कसलं गं डिप्रेशन, आणि बाणगंगेचं, म्हणजे इंदूरच्या मनोरुग्णालयाचं, नाव घरात काढायचं नाही. इथे आल्यावर सुरुवातीला चक्क बरं वाटलं. आता पुन्हा तेच. गोळ्या संपत आल्या म्हणून अर्धी-अर्धी घेते. डोक्यात मधूनच करंट बसल्यासारखं होतं, स्फोटांमुळे असेल. हल्ली सायरन वाजला तरी खाली जात नाही, पडून राहते. टीमला वाटतं मी फार धीराची. ज्यांची घरं गेली त्यांच्याशी दिवसभर बोलते आणि रात्री स्वतःसाठी रडते, याची लाज वाटते. परत यावं का?’

तुझं पत्र वाचताना मी सायरनच्या वाक्यापाशी अडले, आणि उत्तरही तिथूनच सुरू करते. खारकीव रशियाच्या सरहद्दीपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे कधी कधी आधी स्फोट होतो आणि मग सायरन वाजतो. रोजरोज जिने उतरून कंटाळलेले तिथले कितीतरी लोकही आता उतरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा नुसतं पडून राहण्यावरून मी काही ठरवत नाही. पण पडल्या पडल्या तुझ्या मनात काय असतं? ‘जाऊ दे, झोप मोडेल’ असं असतं, की ‘पडलं तर पडू दे, सुटेन एकदाची’ असं?

दुसरं असेल, तर टीम ज्याला धीर म्हणतेय तो तुझा आजार आहे. डिप्रेशनचा माणूस दर वेळी मरायचं ठरवतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त स्वतःला जपणं सोडतो. इंदुरात हे घडलं असतं तर तुझं जेवण सुटलं असतं, आंघोळ राहिली असती, आणि चार दिवसांत आईच्या लक्षात आलं असतं. तिथे हेल्मेटचा पट्टा न लावता तू पुढे गेलीस तर कॅमेरामन कौतुकच करणार. माझा जीव याच गोष्टीने वरखाली होतोय.

म्हणून सरळ विचारते. मरणाचे विचार येतात का? येत असतील तर आजचं काम इथेच थांबव. टीममधल्या एकाला तेवढंच सांग, रात्री खोलीत एकटी राहू नकोस आणि इंदूरच्या डॉक्टरांना व्हिडिओवर गाठ. येत नसतील, तरी आजपासून सायरन वाजला की उतरायचं. मन लागो न लागो, उतरायचं.

आता गोळ्या. अर्धी-अर्धी घेणं तुझ्या मनाने चालवू नकोस. हे औषध एकदम कमी केलं की चक्कर येते, चिडचिड होते, भलतीसलती स्वप्नं पडतात आणि तू लिहिलंयस तसे डोक्यात करंटही बसतात. तेव्हा सगळा दोष स्फोटांना देऊ नकोस. मात्र एखादा स्फोट खरंच अगदी जवळ झाला असेल तर डोकंही तपासून घे. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी मागव, आणि तिच्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहायला सांग, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या दुकानदाराला कळायची नाहीत. पुन्हा पूर्ण गोळी कशी सुरू करायची तेही त्यांनाच विचार. आणि झोपेसाठी वोडका अजिबात नको.

सुरुवातीला बरं वाटलं, यात नवल नाही. धावपळ असते, अंगात भीतीची तरतरी असते, सकाळी उठायला कारण असतं. पण युद्ध हे काही तुझं औषध नाही. तो जोर ओसरला आणि खालचा जुना आजार जिथल्या तिथे निघाला.

लाजेबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगते. ज्या बाईचं घर कोसळलं तिचं दुःख आणि तुझा आजार एकाच तराजूत घालू नकोस. तू गोळी घेतलीस म्हणून तिच्या वाट्याचं काही कमी होत नाही. तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. टोरंटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टीन यांनी २००२ साली १४० युद्धवार्ताहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत साधारण दर पाचांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी मोठं डिप्रेशन येऊन गेलं होतं. तरी युद्धावर न गेलेल्या पत्रकारांपेक्षा त्यांनी काही जास्त उपचार घेतलेले नव्हते. त्यांनाही तुझ्यासारखीच लाज वाटली असेल का, असं माझ्या मनात येतं.

परत यावं का? ये. खचलीस म्हणून म्हणत नाही, उठता येतंय तोवर ये म्हणते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. खारकीवहून रेल्वेने कीव, पुढे पोलंडची हद्द, आणि मग कुठे विमान. ज्या दिवशी पलंगावरून उठवणार नाही, त्या दिवशी तुझ्याने हा प्रवास व्हायचा नाही. ऑफिसला सगळं सांगायची सक्ती नाही, ‘तब्येतीच्या कारणाने’ एवढं पुरे. डॉक्टरांवर तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचं बंधनच आहे. सोबतच्या एका तरी माणसाला मात्र खरं माहीत हवं.

इथे आल्यावर आईला एकदा डॉक्टरांकडे सोबत ने. मुलीच्या तोंडून जे पटत नाही ते त्यांच्या तोंडून पटतं. बाणगंगेचं नाव काढलं की तिला कुलूपबंद खोल्या दिसत असणार. तिथल्या ओपीडीत औषध घेऊन घरी जाणारी, कामाला लागणारी माणसंही असतात, हे तिला बघू दे. आणि भारताने सामना जिंकला की राजवाड्यावर फटाके फुटतात, तू दचकशील. घरच्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ‘एवढं काय त्यात’ ऐकावं लागेल. अपरात्री कठीण गेलं आणि डॉक्टर मिळाले नाहीत, तर इथून १४४१६ लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.

पुन्हा जायचं की नाही हे आल्या आल्या ठरवू नकोस. दिल्लीहून फोन येईलच. त्यांना सांग, डॉक्टरांना विचारून कळवते.