आरतीच्या वेळी आईच्या अंगात येतं, हा मानसिक आजार आहे का?

नाही, तेवढ्यावरून आजार ठरत नाही; ही ट्रान्सची अवस्था आहे. लक्ष एकाच गोष्टीवर इतकं खिळतं की आजूबाजूचं भान आणि ‘हे मी करतेय’ ही जाणीव सुटते. संबळाचा ताल चढला की बाई घुमू लागते, केस सुटतात, आवाज बदलतो आणि नंतर बरेचदा तिला यातलं काही आठवत नाही. सरसकट सोंग म्हणणं अन्यायाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणामध्ये समाजमान्य धार्मिक विधीतली अशी अवस्था विकारात मोडत नाही. मात्र विधीबाहेर, मनाविरुद्ध, वारंवार असं होत असेल आणि त्यांचं रोजचं जगणं विस्कटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा. झटके येत असतील तर अपस्माराची तपासणी आधी.