जुन्या ऑडी टीटीला इंदुरात कॉइलओव्हर बसवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2008ची ऑडी टीटी सेकंडहँड घेतली, इंदुरातच चालवायची आहे, मागचा एक शॉकअप गळतोय. तर पुन्हा कंपनीसारखेच शॉकअप टाकावेत की उंची फिरवता येणारे कॉइलओव्हर (शॉकअप आणि त्याच्याभोवतीच बसवलेली स्प्रिंग, असा एकत्र संच) बसवावेत, आणि बसवले तर गाडी किती खाली घ्यावी?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण सगळी गोची तिथेच होते. खाली घेऊ नका. अगदीच राहवत नसेल तर पुढून 15 मिमी, मागून 10, आणि तिथे थांबा. कॉइलओव्हर मात्र जरूर बसवा. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीचे चारही शॉकअप, रबरं, माउंटिंग तसेही संपलेले असतात. पैसे जाणारच आहेत, तर ज्याची उंची, आणि काही सेटमध्ये कडकपणाही, हाताने ठरवता येतो अशा वस्तूवर जाऊ देत.

माझ्याकडे याच पिढीची टीटी सहा वर्षांपासून आहे. पहिल्यांदा कॉइलओव्हर बसवले तेव्हा मी हौसेने गाडी 40 मिमी खाली घेतली. फोटोत काय दिसायची म्हणून सांगू! लोकमान्य नगरातल्या आमच्या शेजारच्या काकांनी मात्र पहिल्याच सकाळी गॅलरीतून विचारलं, "काय रे, चारही चाकांची हवा गेली का?" आठवडाभरात पुढच्या बंपरची खालची कड गल्लीतल्याच स्पीडब्रेकरवर गेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेमी उंच, म्हणजे पसरट पाठीसारखा असायला हवा. आमच्या गल्लीतला जेमतेम हातभर रुंद आहे आणि उंचीला कुणाला जाब द्यायचा नाही.

पण बंपर किरकोळ. खरा तोटा आत होतो, तो दिसत नाही. धक्का बसल्यावर चाकाला वर यायला समजा 80 मिमी वाट होती. गाडी 40 मिमी खाली घेतली की उरली निम्मी. तेवढाच धक्का निम्म्या वाटेत पचवायचा तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक लागते, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाने वाढते. तेवढी कडक स्प्रिंग कुणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला शॉकअप बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो आणि आपण म्हणतो, "कॉइलओव्हर म्हणजे कडकच बुवा." कॉइलओव्हर कडक नव्हते. मी त्यांना हलायला जागाच ठेवली नव्हती.

दुसरी गंमत म्हणजे खाली घेतलेली टीटी वळणावर कमी झुकेल अशी सगळ्यांची समजूत असते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब, आणि चाकाला खालून धरणारा एक आडवा लोअर आर्म. गाडी फार खाली गेली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढलं की झुकवणारा जोर वाढतो. मग तो झाकायला आणखी कडक स्प्रिंग, जाड अँटीरोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी आडवी सळई), असं खर्चाचं शेपूट लांबतच जातं.

आता आपल्याकडच्या रस्त्यांविषयी. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. रस्त्याच्या बुडाशी तिचा नीट बंदोबस्त केलेला नसला की वरचं डांबर लाटा घेतं. म्हणून आपल्याकडे एकाच रस्त्यावर दोन वेगळी दुखणी असतात: ताशी 80ला गाडीला झोके देणारी लांब लाट, आणि खड्ड्याची किंवा पुलाच्या जोडाची धारदार कड. लाटेवर शॉकअप सावकाश हलतो, तिथे त्याने धरून ठेवायला हवं. कडेवर तो झटक्यात हलतो, तिथे सोडून द्यायला हवं. महाग आणि स्वस्त कॉइलओव्हरमधला खरा फरक या आतल्या व्हॉल्व्हच्या कामात असतो, बाहेरच्या जांभळ्या-सोनेरी रंगात नाही.

निवडताना ढोबळ हिशेब असा. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही-1मध्ये फक्त उंची फिरते, व्ही-2मध्ये स्प्रिंग परत उघडतानाचा कडकपणाही, व्ही-3मध्ये दबतानाचा आणि उघडतानाचा दोन्ही वेगवेगळे. बिल्स्टाइन कंपनीच्या बी-14मध्ये फक्त उंची, बी-16मध्ये एकाच खटक्याने, म्हणजे टिक-टिक करत फिरणाऱ्या बटणाने, दोन्ही कडकपणे एकत्र. तैवानच्या बीसी रेसिंगमध्ये 30 खटके, म्हणजे कडकपणाच्या 30 पायऱ्या, मिळतात. गावात फिरायचं आणि महिन्यातून एकदा घाटात जायचं असेल तर उंची आणि एक खटका पुरे. व्ही-3 घेऊन चारही कोपऱ्यांचे आठ आकडे जुळवत बसायची चिकाटी माझ्यात तरी नाही.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी बघा. पुढच्या स्ट्रटची नळी व्हर्नियरने मोजा, ज्या सांगाड्यावर ही टीटी उभी आहे त्यात 50 आणि 55 मिमी अशी दोन मापं येतात. चुकीचं माप आलं तर ते नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या भागात, बसत नाही, आणि जर्मनीहून आलेला खोका परत पाठवणं म्हणजे कस्टम ड्युटीवर पाणी सोडणं. दुसरं, गिअर लिव्हरजवळ शॉकअपचं चित्र असलेलं बटण आहे का पाहा. असेल तर तुमच्या गाडीत मॅग्नेटिक राइड आहे. त्या शॉकअपच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात आणि वीज सोडली की तेल घट्ट होतं. तिथे साधे कॉइलओव्हर लावले तर डॅशबोर्डवर दिवा पेटून राहतो. तो कोडिंगने (गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून) किंवा वेगळं मॉड्यूल लावून घालवावा लागतो.

मागच्या बाजूला "कॉइलओव्हर" हे नावच खोटं आहे. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. उंचीची फिरकी स्प्रिंगच्या टोकाशी येते. स्प्रिंग आर्मवर आतल्या अंगाला असल्यामुळे चाकापाशी तिचा जोर कमी पडतो, म्हणून खोक्यावर मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका. काही सेटमध्ये मागचा खटका फिरवायला शॉकअप खालून सोडवावा लागतो, हे आधीच विचारून घ्या.

बसवण्याचं काम कुणाकडे द्यायचं, यावर मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण मी इथेच पोळलो. ज्या गॅरेजात दिली तिथले मिस्त्री हाताला चांगले, पण त्यांची ही पहिलीच टीटी. पुढचा स्ट्रट नकलमध्ये चिमटीत धरल्यासारखा बसतो. ती चिमटी किंचित फाकवायला चौकोनी टोकाचा एक छोटा बिट घालून पाव फेरा द्यायचा असतो, की स्ट्रट हाताने खाली सरकतो. त्यांच्याकडे तो बिट नव्हता. "भिया, हो जाएगा," म्हणत त्यांनी हातोडा घेतला. झालंही, पण डाव्या नकलचा काठ चेपला. तो बिट फार महाग नसतो. मी आता स्वतःचा डिकीत ठेवतो.

दुसरी चूक सहा महिन्यांनी कळली. आर्मचे सगळे बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच आवळले होते. आर्मच्या जोडातल्या रबरी बुशचा मधला लोखंडी नळा बोल्टने जागच्या जागी धरला जातो आणि हालचाल होते ती रबराला पीळ बसून. चाकं लोंबकळत असताना आवळलं, की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. माझे मागचे चार बुश असे फाटले. म्हणून आधी जुन्या उंचीचं माप घ्या: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नव्हे, कारण टायरच्या हवेने ते बदलतं. नव्या उंचीचंही तसंच माप ठरवा, जॅकने आर्म त्या मापाला उचला आणि मग आवळा. मिस्त्री वैतागतील, वैतागू द्या. बरेच बोल्ट टॉर्कनंतर आणखी ठराविक अंश फिरवून ताणायचे असतात, ते एकदाच वापरायचे. नवे मागवा. वरची माउंटिंग आणि बेअरिंग त्याच वेळी नवी टाका, नाहीतर स्टिअरिंग फिरवताना टंग-टंग ऐकत बसाल.

काम झाल्यावर स्प्रिंग जागेवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर द्या, पुन्हा मापं घ्या आणि मगच व्हील अलाइनमेंट करा. झेनॉन हेडलाइट असतील तर त्यांचा उंची ओळखणारा सेन्सरही सेट करून घ्या, नाहीतर समोरचा माणूस शिव्या घालेल.

कडकपणाचे खटके जुळवायला मी खंडवा रोडने सिमरोलपुढच्या भेरू घाटात जातो, रविवारी पहाटे, ट्रकांची गर्दी वाढायच्या आत. खटका पूर्ण बंद, म्हणजे सगळ्यात कडक, करायचा आणि तिथून उघडत मोजायचं. बंद हा पक्का शून्य असतो. सुरुवातीला मी 30पैकी 6 वर, म्हणजे चांगलंच कडक ठेवलं होतं. गुळगुळीत वळणावर मस्त. पण वळणाआधीच्या रंबल पट्ट्यांवर पहिली पट्टी ठक, दुसरी ठक, आणि चौथीपर्यंत गाडीचं नाक खाली बसलेलं, स्टिअरिंग हातात हलकं. परत उघडायला वेळच मिळत नसल्याने स्प्रिंग प्रत्येक पट्टीला आणखी दबत गेली होती, आणि त्याच अवस्थेत पुढे वळण! घाबरून बाजूला थांबलो, तिथेच चार खटके उघडले, परत आलो, पुन्हा चार. आता पुढे 18, मागे 20 वर आहे. आई पुढच्या सीटवर बसून महूपर्यंत येते आणि गुडघ्याची तक्रार फक्त उतरताना करते.

टायर शक्यतो 17 इंचीच ठेवा. 245/45ला जवळजवळ 110 मिमी रबर मिळतं, 18 इंची 245/40ला 98. खड्ड्यात ते 12 मिमी रिम वाचवतात.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019मध्ये ते पुन्हा ठणकावलं आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि जुने शॉकअप टाकून देऊ नका.

दर पावसाळ्यानंतर चाकं काढून कॉइलओव्हरच्या उंची फिरवायच्या आट्यांमधला चिखल मऊ ब्रशने धुऊन काढा. मी एक वर्ष आळस केला. काळी माती आट्यांत सुकून अशी बसली की हूक पाना घसरून माझी बोटं सोलली, पण उंची पक्की धरणारी लॉक रिंग तसूभर हलली नाही. दोन दिवस तेलात भिजवून ठेवली तेव्हा कुठे सुटली. तुमचं स्ट्रटचं माप घेतलंत की 50 आलं की 55 ते इथेच लिहा, मग कुठला सेट बसेल ते सांगतो.