२०० ग्राम मध म्हणजे किती चमचे? आणि मधाऐवजी काकवी घेतली तर माप तेच का?

तुमच्या केकच्या रेसिपीत २०० ग्राम मध लिहिलाय, घरात मापाचे कप-चमचेच आहेत, आणि मधाच्या जागी काकवी घालायची आहे. तर आधी आकडे घ्या. मध १४० मिली, म्हणजे १५ मिलीचे मोठे ९ चमचे आणि वर ५ मिलीचा १. काकवी साधारण १५० मिली, मोठे १० चमचे. चमचा मापाचाच घ्या, पोह्याचा नको, तो प्रत्येक घरात वेगळा असतो.

मिली आणि ग्राम सारखे येतात ते फक्त पाण्याचे. मधात पाणी असतं १८-२० टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक सगळी साखरच, म्हणून १ मिली मध १.४२ ग्रामच्या आसपास भरतो. ग्रामचे मिली करताना १.४२ नं भागा, मिलीचे ग्राम करताना गुणा. २४० मिलीचा कप भरून मध घेतला तर ३४० ग्राम होतो आणि लोक तिथं २४० ग्राम धरतात, मग केक गोडमिट्ट होतो आणि मध्ये बसतो.

काकवीचं मात्र असं एकच ठरलेलं नसतं बघा. आमच्या निपाणी-चिकोडीकडं गुऱ्हाळं सुरू झाली की जो तो काकवी आणतो, पण काहिलीतनं कुणी लवकर काढतो कुणी जरा आटवून, त्यामुळं एकाची पातळ दुसऱ्याची लई दाट. १.३ पासनं १.४ पर्यंत काहीही येऊ शकतं, वर मी दिलेला आकडा मधला आहे. म्हणून माझं मनापासून सांगणं आहे की नेटवरचा तक्ता बघू नका, तुमच्या बाटलीचा आकडा तुम्हीच काढा, एकदाच करायचं आहे. शेजारी कुणाचा काटा असेल तर मागून आणा, रिकामी वाटी ठेवून काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरून वजन लिहा, वाटी पुसून तेवढीच काकवी भरा आणि परत वजन घ्या. पाणी १५० ग्राम आणि काकवी २०० ग्राम आली तर २०० भागिले १५०, १.३३ झाला तुमचा आकडा. बाटलीच्या झाकणावर लिहून ठेवा. फेस बसल्यावरच मोजा, नाहीतर कमी येतं. आणि हो, गुऱ्हाळावरनं लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली काकवी १ किलो नसते, १३०० ग्राम किंवा जास्तच असते, दर किलोचा असेल तर हिशोब तसा धरा.

पुढं काटा घेतलात तर कप-चमचे चिकट करायचेच नाहीत. मधाची बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, भांड्यात ओता आणि परत ठेवा, उणे २०० दिसलं की झालं. थंडीत मध साखरावला असेल तरी वजनाला काही फरक पडत नाही, चमच्यानं मोजताना मात्र मधे पोकळी राहते. चमचाच वापरायचा असेल तर आधी तेलाचं बोट फिरवा, सगळा मध सुटून येतो.

अमेरिकन रेसिपीत औंस दिसलं तर नीट वाचा. ८ औंस वजन म्हणजे २२७ ग्राम, पण ८ फ्लुइड औंस मध म्हणजे जवळजवळ ३३५ ग्राम. आणि तुमचा कप २४० चा आहे की २५० चा ते एकदा बघून घ्या, बऱ्याच कपांवर लिहिलेलं असतं.