घर दुरुस्त झालं, पण वायरमन टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा दाखला) न देताच गेला. आता लोडवाढीसाठी, म्हणजे मंजूर वीजभार वाढवून घेण्यासाठी, तो रिपोर्ट कसा मिळवायचा?

जुन्या वायरमनच्या मागे लागू नका. कोणत्याही परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून वायरिंगची आज चाचणी करून नवा टेस्ट रिपोर्ट घेता येतो आणि महावितरणला तोच लागतो. रिपोर्टवर कंत्राटदाराची सही, शिक्का आणि परवाना क्रमांक हवा. परवान्याची मुदतही बघून घ्या.

चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. न तपासता सही मारून दिलेला कागद घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे.
- मेन बंद, बल्ब-पंखे-टीव्ही काढलेले, मग 500 व्होल्टचा मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र): आकडा किमान 1 मेगाओहम हवा. उपकरणं जोडलेली राहिली तर आकडा खोटा येतो.
- अर्थिंग 5 ओहमच्या आत असलेलं बरं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. त्याच दिवसांत लोखंडी कूलर पाण्यासकट चालू असतो आणि शॉक तिथेच बसतो. म्हणून मोजणी एप्रिल-मेमध्ये केलेली उत्तम, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच.

आरसीसीबी लावताच ट्रिप होत असेल, तर बहुतेकदा नव्या खोलीचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) जुन्या सर्किटला जोडलेला असतो. तो वेगळा करा, आरसीसीबी बदलून उपयोग नाही.

एक मर्यादा मात्र आहे: प्लास्टरमागचे जोड मेगरला दिसत नाहीत. त्यामुळे कंत्राटदाराने काही बोर्ड आणि जंक्शन बॉक्स उघडायला सांगितले, तर नाही म्हणू नका.