वाचकांचे प्रश्न : माहितीपटात कोण बोलते, कोण नाही

गेल्या अंकात नामवंत व्यक्ती आणि त्यांच्याभोवतीची वादग्रस्त प्रकरणे यांवरील माहितीपटांविषयी वाचकांची मते मागविली होती. ज्या पत्रांत मताबरोबर प्रश्नही होता, त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : इंद्राणी मुखर्जी यांच्यावरील नेटफ्लिक्सची मालिका पाहिल्यानंतर आमच्या घरात दोन तट पडले. खटला चालू असताना आरोपीला कॅमेऱ्यासमोर बसवून तिची बाजू जगभर दाखविणे योग्य आहे का? न्यायालयाने हे थांबवायला नको होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इंद्राणी यांची मुलगी शीना बोरा हिच्या हत्येच्या या खटल्यात तपास करणाऱ्या सीबीआयचे म्हणणे नेमके हेच होते. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी येणारी ही मालिका रोखावी, ही मागणी विशेष न्यायालयाने फेटाळल्यावर सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठाने मालिका आधी स्वतः पाहिली आणि खटल्याला बाधा येईल असे तीत काही नाही, असे सांगून २९ फेब्रुवारीला याचिका फेटाळली. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण न पाहिलेल्या गोष्टीवर बंदी घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि येथे ती टाळली गेली.

खटल्यावर परिणाम होईल, ही भीती आपल्याकडे जुनीच आहे. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खून खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे उचलून धरली होती आणि सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने त्याला आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरविले होते. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आज आपल्याकडे ज्यूरी नाही. निकाल पुरावा वाचणारा न्यायाधीश देतो. साक्षीदारांवर दडपण येण्याचा धोका मात्र उरतो, आणि सीबीआयच्या म्हणण्यातील तेवढा भाग मी हलका मानत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. इंद्राणी यांनी आरोप नाकारले आहेत आणि आपली बाजू मांडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण ज्या मुलीच्या हत्येचा हा खटला आहे, ती शीना बोरा मालिकेत छायाचित्रांपुरती आणि इतरांच्या आठवणींपुरतीच उरते. या मालिकेत मला सर्वांत अस्वस्थ केले ते ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणांनी. शीना कुठे आहे, हे एक तरुण आवाज पुन्हा पुन्हा विचारतो आणि समोरून उत्तरे येत राहतात. त्या काही मिनिटांत तिची उणीव जशी जाणवते, तशी एरवी दीर्घ मुलाखतींतून जाणवत नाही. आपल्या घरातील दोन तट इंद्राणी खऱ्या की खोट्या यावर पडले असतील, तर मालिकेने आपल्याकडून स्वतःला सोयीचा प्रश्न विचारून घेतला आहे, असे मी म्हणेन.

प्रश्न : ब्रिटनी स्पिअर्स आणि आर. केली यांच्यावरील माहितीपटांमुळे न्याय मिळाला, असे माझे येथील बहुतेक मित्र म्हणतात. आपल्याला तसे वाटते का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लैंगिक अत्याचाराचे आरोप झालेले अमेरिकी गायक केली यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी वाटते. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यावरील सहा भागांची मालिका आली, लगेचच शिकागोच्या मुख्य सरकारी वकील किम फॉक्स यांनी पीडितांना पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले आणि फेब्रुवारीत आरोप दाखल झाले. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ज्यूरीने २०२१ साली त्यांना दोषी ठरविले आणि २०२२ साली तीस वर्षांची शिक्षा झाली. परंतु जिम डिरोगॅटिस हे शिकागोचे पत्रकार २००० सालापासून याच विषयावर लिहीत होते आणि मधल्या काळात, २००८ साली, केली एका खटल्यातून निर्दोष सुटलेही होते. मालिकेचे खरे बळ त्या चिकाटीच्या बातमीदारीत आणि चेहरा न लपवता, सलगपणे बोलणाऱ्या स्त्रियांत होते. त्या स्त्रियांना आधी कोणी ऐकले नव्हते, ही गोष्ट श्रेय वाटताना विसरली जाऊ नये.

अमेरिकी गायिका ब्रिटनी यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २००८ पासून त्यांचा पैसा आणि खासगी आयुष्य न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाखाली, मुख्यतः वडिलांच्या हातात होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा माहितीपट आला, जूनमध्ये त्या स्वतः न्यायालयात बोलल्या आणि १२ नोव्हेंबरला ते पालकत्व संपले. लोकमत जागे करण्यात माहितीपटाचा वाटा होता, यात शंका नाही. पण त्याच्या शेवटी एक पाटी येते : ब्रिटनी यांच्याशी थेट संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, मात्र आमची विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचली की नाही हे स्पष्ट नाही. तिच्या बंदिवासाविषयी सांगताना तिची संमती मिळविण्याचा मार्गही त्याच बंदिवासातून जात होता! पुढे त्यांनी इन्स्टाग्रामवर लिहिले की, आपण तो पूर्ण पाहिला नाही, पण जेवढा पाहिला त्याने शरमल्यासारखे झाले आणि दोन आठवडे रडू येत होते. ज्यांच्या भल्यासाठी आपण हळहळतो, त्यांना ती हळहळ कशी लागते, हे येथे कळते.

प्रश्न : परवानगीशिवाय असे माहितीपट काढता येतात का? आणि परवानगी घेऊन काढले तर ती जाहिरातच होत नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तमिळनाडूतील खुनी ऑटो शंकर याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले की, सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर परवानगीविना प्रसिद्ध करता येतो, त्यापलीकडे खासगी आयुष्यात शिरल्यास जबाबदारी येते. प्रत्यक्षात अडथळे येतातच. २०२० साली फरारी आणि वादग्रस्त उद्योगपतींवरील नेटफ्लिक्सची मालिका न्यायालयीन स्थगितीमुळे लांबली आणि मल्ल्या, नीरव मोदी व सुब्रत रॉय यांच्यावरील भाग आले, तरी सत्यमच्या रामलिंग राजू यांच्यावरील भाग तेव्हा आला नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. डेव्हिड बेकहॅम यांच्यावरील २०२३ ची मालिका त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. २००४ साली गाजलेल्या विवाहबाह्य संबंधाच्या आरोपाचा, जो त्यांनी तेव्हा नाकारला होता, काळ तीत येतो आणि तो किती कठीण होता हे पतिपत्नी सांगतात; आरोप करणाऱ्या स्त्रीचे नाव किंवा म्हणणे मात्र येत नाही. अशा मालिका पाहू नयेत असे मी म्हणत नाही. श्रेयनामावलीतील निर्मात्यांची नावे आधी वाचावीत, एवढेच सुचवेन.

प्रश्न : समाजमाध्यमांवर अशा मालिकांविषयी मत लिहिले तर बदनामीचा खटला होऊ शकतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे. मालिका एकतर्फी वाटली, अमुक उत्तर पटले नाही, असे मत प्रामाणिकपणे मांडण्यास अडचण नाही. निकाल लागण्यापूर्वी एखाद्याला खुनी म्हणण्यास आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करण्यास कलम ७२ ची मनाई आहे, आणि कोणीतरी आधीच नाव लिहिले होते म्हणून ती मनाई आपल्यापुरती संपत नाही.