प्रेसनोट संपते तिथून पुढे

प्रश्न : जिल्हा दैनिकात क्राईम बीट मिळालंय. बातम्या प्रेसनोटवरूनच जातात. त्यापलीकडे सुरुवात कुठून करू?

एफआयआरपासून. गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं तर घ्याच, पण घटना घडल्याची वेळ आणि गुन्हा नोंदवल्याची वेळ हमखास उतरवा. मध्ये चार दिवस गेले असतील तर फिर्यादी तेवढ्यात कुणाकुणाकडे जाऊन आला ते विचारा. बऱ्याचदा खरी बातमी तिथेच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवा. नेटवर्कची अडचण असेल तर फार तर ७२. लैंगिक अत्याचार, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरोधातला कायदा), दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेत. तेव्हा संकेतस्थळावर दिसला नाही म्हणून 'गुन्हाच दाखल नाही' असं ठोकून देऊ नका.

मग रिमांड. पोलीस कोठडी कशासाठी हवी याची कारणं अर्जात असतात: हत्यार जप्त करायचंय, साथीदार शोधायचेत. ती टिपून ठेवा आणि कोठडी वाढवून मागतील त्या दिवशी ताडून पाहा. जुनीच कारणं पुन्हा चिकटवली असतील तर तपास कुठे अडलाय ते कळतं. सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १ जुलै २०२४ ला लागू झाल्यापासून पोलीस कोठडीचे १५ दिवस तुकड्यातुकड्यानेही मागता येतात. त्यामुळे न्यायालयीन कोठडीत गेलेला आरोपी पुन्हा पोलिसांच्या ताब्यात दिसला तर गोंधळू नका.

पहिल्या रिमांडपासून ६० आणि ९० वा दिवस डायरीत मांडा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ९०, बाकीच्यांना ६०. मकोकात (संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा कायदा) १८० पर्यंत वाढ मिळू शकते. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. अशा जामिनाला 'पुराव्याअभावी सुटका' असा मथळा देणं धडधडीत चूक. पुराव्यावर अजून चर्चाच झालेली नसते; मुदत हुकलेली असते ती पोलिसांची.

पुढे खटला धरून ठेवायला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्या. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दिसते, पण कोर्टात काय घडलं ते रोजनाम्यात वाचा. दोषारोपपत्र संकेतस्थळावर शोधू नका. ते टाकण्याची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. वकिलांशी ओळख ठेवावी लागते ती यासाठीच.

प्रश्न : पीडितेचं नाव बदलून छापलं की झालं ना?

नाही. गाव, शाळा, इयत्ता, आईवडिलांचा व्यवसाय यांवरूनही ओळख पटते. एका पेपरात गाव, दुसऱ्यात शाळा आली की चावडीवर नाव फुटतं. आरोपी घरातलाच असेल तर त्याचं नाव म्हणजेच तिचं नाव. तिथे 'जवळचा नातेवाईक' एवढंच लिहा. बाप, काका, आजोबा हेही नको. बलात्काराच्या पीडितेची ओळख उघड केल्यास बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पीडिता हयात नसली तरी हे बंधन सुटत नाही. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ वेगळं. डेस्कवर फोटो कोण निवडतं तेही पाहा. बातमी नीट असते आणि फोटोत घराचा दरवाजा येतो.

प्रश्न : ॲट्रॉसिटीच्या बातमीत नेमकं काय तपासावं?

तपास कुणाकडे आहे ते आधी. नियमाप्रमाणे तो उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच हवा. फौजदाराने केला असेल तर बचाव पक्ष पुढे हाच मुद्दा काढतो. शिवाय पीडिताला मदतीचा पहिला हप्ता मिळाला का, हे समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात विचारा. हा पाठपुरावा फारसा कुणी करत नाही.

प्रश्न : एलएलबी हवीच का?

नको. सर्वोच्च न्यायालयानेही मान्यताप्राप्त वार्ताहरांसाठीची कायद्याच्या पदवीची अट २०२४ मध्ये काढली. बीएनएसएस मात्र टेबलावर ठेवा, आणि तिच्याशेजारी जुनी सीआरपीसीही. जुने खटले अजून तिच्यावरच चाललेत.